हाड जुळले, वेदना उरली

पावसाळ्यात दुकानाच्या ओल्या पायरीवर पाय घसरतो, तोल सावरण्यासाठी माणूस हात टेकतो आणि मनगटाचे हाड मोडते. कोणाच्या बोटांवर शटर येते, कोणाच्या पावलावर तेलाचा डबा पडतो, कोणी वसुलीसाठी दुचाकीवरून जाताना खड्ड्यात आपटतो. पुढचा क्रम घरोघरी ठाऊक आहे. एक्स-रे निघतो, प्लास्टर चढते, सहा आठवड्यांनी ते कापले जाते आणि नवा एक्स-रे उजेडासमोर धरून डॉक्टर सांगतात, 'हाड छान जुळले आहे.' बहुतेकांच्या बाबतीत विषय येथे संपतो.

काहींच्या बाबतीत मात्र प्लास्टर निघाल्यानंतर एक वेगळीच वेदना जागी होते. हातातून विजेचा झटका गेल्यासारखे वाटते, निखाऱ्यावर ठेवल्यासारखा तळवा भाजतो, मुंग्या येतात आणि त्याच जागी बधिरताही असते. अंगावरच्या चादरीचा स्पर्श सोसवत नाही. पंख्याचा वारा लागला तरी हात आपोआप छातीशी ओढला जातो. सुटे पैसे मोजताना नाण्याची कड बोचते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र काहीच दिसत नाही. मग घरात, दुकानात आणि कधी कधी दवाखान्यातही एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातो: एक्स-रे चांगला आहे, तर दुखते कसे? या प्रश्नातला अविश्वास दुखण्याइतकाच रुग्णाला पोखरतो.

व्यापारी कुटुंबात हा अविश्वास अधिक महाग पडतो. नोकरदार वैद्यकीय रजा टाकू शकतो. गादीवर बसणाऱ्याला रजा नसते. भावाभावांच्या दुकानात एकाचा हात सहा महिने चालेनासा झाला की उरलेल्यांवर भार येतो आणि 'आता तर प्लास्टर निघाले ना?' हे वाक्य एखाद्या सणाच्या दिवशी सर्वांसमक्ष बोलले जाते. बोलणारा दुष्ट नसतो. त्याला या दुखण्याची रीत ठाऊक नसते, एवढेच.

या वेदनेची पहिली तपशीलवार नोंद झाली ती अमेरिकेच्या यादवी युद्धात. १८६३ च्या जुलैत गेटिसबर्ग येथे मोठी लढाई झाली आणि जखमींचे लोंढे फिलाडेल्फिया शहरात आले. तेथे टर्नर्स लेन या ठिकाणी मज्जातंतूंना इजा झालेल्या सैनिकांसाठी स्वतंत्र रुग्णालय चालविले जात होते. सायलस वेअर मिचेल, जॉर्ज मोरहाऊस आणि विल्यम कीन हे तीन डॉक्टर तेथे काम करीत. बंदुकीच्या गोळीने हाडाला धक्काही न लावता केवळ मज्जातंतूला घासून गेलेल्या जखमा त्यांनी शेकड्यांनी पाहिल्या. जखम भरून आल्यावरही यांतील काही सैनिक हाताला सतत ओले फडके गुंडाळून बसत, पाण्याची बाटली जवळ बाळगत. पायाला दुखापत झालेले सैनिक बुटात पाणी ओतून चालत. कोरडा स्पर्श त्यांना सोसत नसे. कोणी खोलीतून चालत गेले, कोणी वर्तमानपत्र उलगडले, बाहेर लष्करी बँड वाजला, तरी त्या हादऱ्याने त्यांची वेदना वाढे. कातडी तुकतुकीत व लालसर झालेली दिसे. रणांगणावर न डगमगलेली माणसे चिडचिडी आणि घाबरट बनत. १८६४ मध्ये या तिघांनी आपली निरीक्षणे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आणि पुढे मिचेल यांनी या जळत्या वेदनेला उष्णता व वेदना या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून 'कॉझॅल्जिया' असे नाव दिले.

येथे एक बाब विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. त्याच वर्षी या तिघांनी आणखी एक लेख लिहिला होता, तो सोंग घेणाऱ्या सैनिकांविषयी. आघाडीवर परत जावे लागू नये म्हणून आजाराचे ढोंग करणारे अनेक जण त्यांच्यासमोर येत आणि त्यांना उघडे पाडण्याच्या युक्त्या हे डॉक्टर जाणून होते. ज्यांचा व्यवसायच खोट्या नाण्याची पारख करण्याचा होता, त्यांनीच ही वेदना खरी असल्याचा निर्वाळा दिला. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी मिळालेला हा दाखला आजही पुष्कळ घरांत पोहोचलेला नाही.

असे घडते तरी का? हाताला किंवा पायाला जाणारा मज्जातंतू, ज्याला सर्वसाधारणपणे नस म्हटले जाते, तो एक सलग दोरा नसतो. त्यात हजारो अतिसूक्ष्म धागे एकत्र बांधलेले असतात. काही धागे स्पर्श नेतात, काही उष्णता व वेदना, काही स्नायूंना हुकूम पोहोचवितात. दाबाने, ताणाने किंवा कापल्याने हे धागे तुटले की तुटलेल्या जागेपुढचा भाग मरतो आणि मागच्या टोकाकडून नवा अंकुर वाढू लागतो. या वाढीचा वेग दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला साधारण एक इंच. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत सहा-सात इंचांचे अंतर असेल तर तेवढेच महिने धरून चालावे. इजा कोपरापाशी असेल तर वर्ष उलटते. मधुमेह असल्यास ही गती आणखी मंदावते. हाडाच्या हिशेबात सहा आठवडे ही पूर्ण मुदत असते. नसेच्या हिशेबात तो पहिला हप्ताही नसतो. घरातील निम्मा गैरसमज दोन मुदतींच्या या गोंधळातून जन्मतो.

या वाढीचा मागोवा घेण्याची एक सोपी रीत फ्रान्सचे ज्यूल टिनेल आणि जर्मनीचे पॉल हॉफमन या दोघांनी १९१५ साली, पहिले महायुद्ध सुरू असताना, स्वतंत्रपणे सांगितली. नसेच्या मार्गावर बोटाने हलके टकटक करीत गेल्यास जेथे मुंग्या उठतात, तेथपर्यंत नवे अंकुर पोहोचलेले असतात. महिन्या-दोन महिन्यांत ही जागा बोटांच्या दिशेने सरकत गेली तर वाढ सुरू आहे. म्हणजे मुंग्या येणे हे प्रत्येक वेळी दुश्चिन्ह नसते. उलट महिनोन्महिने ती जागा हललीच नाही, तर अंकुर वाट चुकून गाठीत गुंतल्याची शंका येते. अशी गाठ स्वतःहून खोटे संदेश पाठवीत राहते.

दुचाकीच्या अपघातात खांद्यावर आपटलेल्या तरुणांच्या बाबतीत तर दिवस मोजणे अत्यावश्यक असते. मानेकडून हातात उतरणारे मज्जातंतूंचे जाळे ओरबाडले गेले आणि हात लुळा पडला, तर 'होईल हळूहळू' म्हणून वर्षभर वाट पाहू नये. हुकूम न मिळालेला स्नायू साधारण वर्ष-दीड वर्षात कायमचा वाळतो. नस जोडण्याची शस्त्रक्रिया करावयाची असेल तर ती सामान्यतः पहिल्या तीन ते सहा महिन्यांत व्हावी लागते. मसाज आणि मंतरलेले तेल यांत हे महिने गेले की निष्णात शल्यविशारदाच्या हातीही फारसे काही उरत नाही.

दुखापतीच्या जागी जे घडते ते अर्धेच. उरलेले अर्धे पाठीच्या कण्यात आणि मेंदूत घडते. १९८३ मध्ये लंडनमध्ये काम करणाऱ्या क्लिफर्ड वुल्फ यांनी प्रयोगांनी दाखविले, की वेदनेचा मारा होत राहिला तर कण्यातील पेशी स्वतःच हळव्या होतात. मग किरकोळ स्पर्शाचा संदेशही त्या वेदना म्हणून पुढे पाठवितात. चोरासाठी दुकानात बसविलेली घंटा मांजर गेले तरी वाजू लागावी, तसे हे आहे. घंटेचा आवाज खरा असतो, ऐकणाऱ्याची झोप खरोखर उडते. चोर मात्र केव्हाच गेलेला असतो. रुग्णाला हे नीट उमगले की एक मोठी भीती कमी होते. दुखते आहे याचा अर्थ आतून काही मोडते आहे असा नाही, ही समजूतच उपचाराचा एक भाग आहे.

आता औषधांविषयी. डोकेदुखी किंवा सांधेदुखीवर घेतल्या जाणाऱ्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या या वेदनेवर फारशा चालत नाहीत, कारण त्या सूज आणि दाह कमी करणाऱ्या असतात. त्या महिनोन्महिने घेत राहिल्यास जठर आणि मूत्रपिंड यांचे नुकसान मात्र होते. नसेच्या वेदनेवर डॉक्टर गाबापेंटिन, प्रीगाबालिन, ॲमिट्रिप्टिलीन किंवा ड्युलॉक्सेटिन यांपैकी काही देतात. यांतील पहिले मुळात अपस्मारावर, तर शेवटची दोन नैराश्यावर वापरली जाणारी औषधे आहेत. औषधाच्या वेष्टनातील कागद वाचून एखादा मुलगा दचकतो आणि 'पप्पांना वेड लागले आहे असे डॉक्टरांना वाटते काय?' असे विचारतो. तसे काही नसते. अकारण धडधडणाऱ्या नसा व कणा यांना शांत करण्याचे काम ही औषधे करतात.

त्यांच्याकडून अपेक्षा मात्र हिशेबी ठेवावी. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार ॲमिट्रिप्टिलीनच्या गटातील औषधे सुमारे चार जणांना दिल्यावर एकाला, आणि गाबापेंटिन किंवा प्रीगाबालिन सुमारे सात-आठ जणांना दिल्यावर एकाला निव्वळ औषधामुळे निम्म्याच्या आसपास उतार पडतो. म्हणजे पहिले औषध लागू पडले नाही तर निराश होण्याचे किंवा डॉक्टर बदलण्याचे कारण नाही; मात्रा हळूहळू वाढवून काही आठवडे पाहावे लागते, मग दुसरे औषध. गुंगी, चक्कर, तोंड कोरडे पडणे, पाय सुजणे, वजन वाढणे असे त्रास संभवतात. हृदयविकार, काचबिंदू किंवा प्रोस्टेटची तक्रार असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना आधीच सांगावी. औषध मनाने एकदम बंद करू नये. सूर्यास्तानंतर काहीही न घेण्याचा नियम असणाऱ्यांनी तेही मोकळेपणाने सांगावे. गोळीची वेळ अनेकदा सायंकाळी लवकर आणता येते. न सांगता रात्रीची गोळी टाळत राहणे हे त्याहून वाईट.

शाकाहारी घरांसाठी आणखी एक तपासणी महत्त्वाची आहे, ती बी-१२ जीवनसत्त्वाची. मज्जातंतूंच्या आवरणासाठी ते आवश्यक असते, वनस्पतिजन्य आहारात ते जवळजवळ नसते, आणि मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते आणखी घटते. आधीच उपाशी असलेल्या नसेला दुखापत झाली तर ती सावरायला वेळ लागणारच. परंतु 'नसांच्या शक्तीसाठी' म्हणून मिळणाऱ्या गोळ्या स्वतःहून वर्षानुवर्षे घेणेही योग्य नव्हे. त्यांपैकी अनेकांत बी-६ जीवनसत्त्व असते आणि त्याचा दीर्घकाळ अतिरेक झाल्यास नसांनाच इजा होते. रक्त तपासून घ्यावे, कमतरता असेल तेवढी भरून काढावी, आणि थांबावे.

औषधांनी वेदना थोडी खाली येते. माणूस पुन्हा उभा राहतो तो वेगळ्या मार्गाने. तो मार्ग ज्यांनी घालून दिला त्यांतील प्रमुख नाव जॉन बोनिका यांचे. त्यांचे चरित्र व्यापारी वाचकांना जवळचे वाटावे असे आहे. १९१७ मध्ये सिसिलीजवळच्या फिलिकुडी या चिमुकल्या बेटावर त्यांचा जन्म झाला. १९२७ मध्ये कुटुंब अमेरिकेत गेले आणि थोड्याच वर्षांत वडील वारले. या मुलाने बूट पॉलिश केले, वर्तमानपत्रे विकली, फळे व भाजी विकली, आणि वैद्यकीय शिक्षणाच्या खर्चासाठी चक्क कुस्तीच्या फडात उतरला. मुखवटा घालून, टोपण नावाने. कारण होणारा डॉक्टर जत्रेत कुस्त्या खेळतो हे प्राध्यापकांना व सहाध्यायांना कळू द्यायचे नव्हते. या कुस्त्यांनी फी भागली, परंतु सांधे कायमचे निकामी झाले. पुढे अनेक शस्त्रक्रिया होऊनही दुखणे त्यांना आयुष्यभर सोडून गेले नाही.

१९४४ मध्ये, दुसरे महायुद्ध सुरू असताना, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी ते वॉशिंग्टन राज्यातील मॅडिगन या लष्करी रुग्णालयात भूलतज्ज्ञांचे प्रमुख झाले. तेथे त्यांना मिचेल यांनीच जणू मागे ठेवलेले रुग्ण भेटले: जखम भरलेले आणि तरीही हात जळत असलेले सैनिक, तुटलेल्या पायाच्या नसलेल्या बोटांत वेदना होणारे सैनिक. मार्गदर्शनासाठी त्यांनी वैद्यकाचे मोठमोठे ग्रंथ चाळले. हजारो पानांत वेदनेवर लिहिलेली पाने हाताच्या बोटांवर मोजावीत अशी होती. मज्जातंतूतज्ज्ञ, अस्थितज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ यांना त्यांनी एकेक करून विचारले. प्रत्येक जण आपापल्या कक्षेतले सांगे. अखेर बोनिका यांनी या सर्वांना जेवणाच्या वेळी एका टेबलाभोवती बसविले आणि एकेका रुग्णाचा विचार सर्वांनी मिळून करावा अशी पद्धत पाडली. आज गावोगावी 'पेन क्लिनिक' अशा पाट्या दिसतात, त्यांचे मूळ त्या टेबलाशी आहे. १९५३ मध्ये त्यांनी वेदनेच्या उपचारांवर सुमारे दीड हजार पानांचा ग्रंथ लिहिला, १९६० पासून सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ही पद्धत रुजविली, आणि १९७३ मध्ये त्यांनी बोलाविलेल्या परिषदेतून वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली.

सिएटलला त्यांच्या सहकाऱ्यांत विल्बर्ट फोर्डाइस हे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांचे एक निरीक्षण प्रत्येक रुग्णाने मनावर घेण्याजोगे आहे. जुनाट वेदनेचा रुग्ण वेदना सांगेल तसे वागतो. बरे वाटले की साचलेली सगळी कामे एका दिवसात उरकतो, दुखले की चार दिवस पडून राहतो. बाजाराच्या भाषेत ही तेजी-मंदी झाली. प्रत्येक तेजीनंतरची मंदी आधीच्याहून खोल जाते, हात वापराविना आखडतो, शरीराला काम आणि वेदना यांची गाठ पक्की बसते. यावर फोर्डाइस यांचा उपाय असा, की काम वेदनेने ठरवायचे नाही, आकड्याने ठरवायचे.

समजा एका दुकानदाराला बिले लिहिणे जमत नाही. पहिले तीन दिवस त्याने घड्याळ लावून पाहावे, की लिहू लागल्यापासून वेदना स्पष्ट वाढेपर्यंत किती मिनिटे जातात. बारा, आठ आणि दहा मिनिटे आली तर सरासरी दहा. सुरुवात त्याहून कमीवर, आठ मिनिटांवर करावी. आठ मिनिटे झाली की थांबावे, हात बाजूला घ्यावा, दुसरे काम करावे, थोड्या वेळाने पुन्हा आठ मिनिटे. दर तीन दिवसांनी एक मिनिट वाढवावे. या गतीने आठावरून तीसवर जाण्यास बावीस टप्पे, म्हणजे सहासष्ट दिवस लागतात. नियम दोनच आणि दोन्ही कठीण: हात ठीक वाटतो म्हणून आठाची बारा मिनिटे करायची नाहीत, आणि दुखते म्हणून आठाची शून्यही करायची नाहीत. पहिला नियम दुसऱ्यापेक्षा अधिक वेळा मोडला जातो, विशेषतः दिवाळीच्या गर्दीत. ज्यांचे आयुष्य मिळेल त्या दिवशी कमावण्यात गेले, त्यांना बऱ्या दिवशी हात आवरणे म्हणजे दारी आलेले गिऱ्हाईक परत पाठविण्यासारखे वाटते.

अशा रुग्णाने रोजची एक साधी वही ठेवावी: तारीख, ठरलेली मिनिटे, केलेली मिनिटे, रात्रीची झोप. वेदनेचा आकडा रोज लिहू नये असे अनेक उपचारक सांगतात, आणि ते पटण्यासारखे आहे. ज्या खात्याकडे दिवसातून दहा वेळा पाहिले जाते तेच मनात मोठे होत जाते.

स्पर्श सोसत नसलेल्या कातडीलाही असेच हप्त्यांनी शिकवावे लागते. प्रथम रेशमाचा तुकडा, मग मलमल, मग धुतलेले सुती कापड, मग खादी, शेवटी टॉवेल आणि तरट. प्रत्येक कापड दिवसातून तीन-चार वेळा, दोन-दोन मिनिटे दुखऱ्या भागाच्या कडेपासून आत फिरवीत न्यायचे; ते सोसू लागले की पुढचे. कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरी तर हे औषध गठ्ठ्यांतच असते. यामागील विचार रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताशी नाते सांगतो. कण्यात वेदनेच्या वाटेवर एक दार असते आणि स्पर्शाचे संदेश ते दार काही अंशी लोटून घेतात, असे त्यांचे म्हणणे होते. आपटलेला गुडघा माणूस लगेच चोळतो, ते याच कारणाने.

ज्यांना हात हलविण्याच्या कल्पनेनेही कळ येते, त्यांच्यासाठी आरशाचा उपाय आहे. तामिळनाडूत जन्मलेले आणि अमेरिकेत सॅन डिएगो येथे संशोधन करणारे विलयनूर रामचंद्रन यांनी तो १९९० च्या दशकात, हात गमावलेल्या रुग्णांसाठी योजिला. दोन हातांच्या मध्ये आरसा उभा करून दुखरा हात त्याच्या मागे ठेवायचा आणि चांगल्या हाताचे प्रतिबिंब पाहत तो सावकाश हलवायचा. मेंदूला दुखरा हात वेदनेविना हलताना दिसतो. सर्वांना गुण येतोच असे नाही, काहींना सुरुवातीला त्रास वाढल्यासारखेही वाटते. म्हणून पहिली काही सत्रे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्हावीत. खर्च मात्र एका आरशाचा.

घरच्यांचे काम येथे सर्वांत नाजूक आहे. मनगटाचे हाड मोडण्याचे प्रमाण रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत मोठे आहे, आणि त्यानंतर हात सुजून, जळून, आखडून बसण्याचा जो विकार होतो तोही स्त्रियांत अधिक आढळतो. मिचेल यांच्या कॉझॅल्जियाचा समावेश आज याच विकारात केला जातो. प्लास्टर निघाल्यावर हात तुकतुकीत दिसू लागला, दुसऱ्या हातापेक्षा गरम किंवा गार लागला, त्याला वेगळा घाम येऊ लागला, मूठ वळेना, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. लवकर सुरू झालेल्या उपचारांचा लाभ अधिक होतो. प्रत्यक्षात स्त्रिया हे शेवटी सांगतात. कणीक मळताना कळ आली तर डावा हात वापरतात, नळाचे गार पाणी सोसत नाही म्हणून भांडी बाजूला ठेवतात, आणि कोणी विचारलेच तर 'वयाचे आहे' म्हणतात.

सांगितल्यावर दोन टोके संभवतात. एका घरात 'कामाचा कंटाळा' असा शेरा बसतो. दुसऱ्या घरात सून प्रेमाने म्हणते, 'आई, तुम्ही बसा, मी करते,' आणि सासूबाईंच्या हातून एकेक काम काढून घेते. पहिले वागणे क्रूर आहे हे कोणालाही कळते. दुसरेही हाताला मारकच ठरते हे कळत नाही. वापराविना राहिलेला हात आखडतो, मेंदू त्याला विसरू लागतो आणि त्या बाई हळूहळू स्वयंपाकघराबाहेरच्या होतात. त्याऐवजी सासूबाईंनी रोज दोन पोळ्या लाटाव्यात, आठवड्याने तीन, आणि उरलेल्या सुनेने. पोळी वाकडी झाली तरी ती पानात वाढावी. कोमट पाण्याची बादली शेजारी ठेवावी. दिवसातून वीस वेळा 'फार दुखते का?' असे विचारण्यापेक्षा 'आज किती झाल्या?' असे विचारलेले बरे. फोर्डाइस यांचेही सांगणे हेच, की घरच्यांचे लक्ष कण्हण्याकडे कमी आणि केलेल्या कामाकडे अधिक जावे. त्यांच्या या शिकवणीचा काहींनी 'दुर्लक्ष करा, आपोआप थांबेल' असा सोयीचा अर्थ काढला. तो त्यांच्या शिकवणीत नाही.

दुकानातही फेरवाटणी करता येते. वजन उचलणे आणि शटर ओढणे दुसऱ्याकडे, फोनवरील खरेदी, उधारीची वसुली व हिशेब पाहणे याच्याकडे. काउंटर डाव्या हाताच्या सोयीचे मांडावे, एका जागी बसण्याऐवजी उठण्या-बसण्याची कामे पाळीने ठेवावीत. भागीदारीत हे तोंडी न ठेवता सर्वांनी बसून ठरवावे आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे. अस्पष्ट व्यवस्थेत दुखणाऱ्याला उपकार घेतल्यासारखे वाटते आणि न दुखणाऱ्याला फसविले गेल्यासारखे.

वेदनेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये आपली व्याख्या सुधारली तेव्हा तिच्याखालील टिपांत, एखाद्याने वेदना होते असे सांगितले तर त्या सांगण्याचा आदर करावा, असे स्पष्ट नोंदविले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून अमलात आले, तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला स्वतंत्र स्थान मिळाले आहे आणि नसेच्या वेदनेला त्यात आपला वेगळा रकाना आहे. इतकी वर्षे दुसऱ्या आजारांच्या खात्यावर किरकोळ म्हणून टाकलेल्या रकमेला खतावणीत अखेर स्वतःचे पान मिळाले.

बरे होणे म्हणजे काय, याचे उत्तर प्रत्येकाचे वेगळे निघते. काहींची वेदना नस भरून आल्यावर पूर्ण जाते. काहींची निम्म्यावर येऊन थांबते आणि तरीही ते दुकान उघडतात, नातवाला शाळेत सोडतात, रात्री सहा तास झोपतात. थंडीची पहाट, बसचा लांबचा प्रवास, घरातील लग्नाची धावपळ यांनी ती पुन्हा उसळते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले असे वाटते. तसे झालेले नसते. अशा वेळी ठरलेली मिनिटे निम्म्यावर आणावीत, दोन-तीन दिवस तेथे राहावे आणि मग नेहमीच्या गतीने वर चढावे. एकदा गाठलेला आकडा दुसऱ्यांदा बहुधा लवकर गाठला जातो. उसळी कोणत्या तारखेला आली, कशाने आली आणि किती दिवसांत उतरली, हे त्याच वहीत लिहून ठेवावे. पुढच्या हिवाळ्यात ते पान उघडून पाहता येते.